घोड्यावरचा एकटा राजा : पहिल्या अपरादित्याचं कोकण



नवीन पनवेलमध्ये मध्ययुगीन राजावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. इथल्या बहुतेकांचा इतिहास सिडकोच्या वाटपपत्रापासून सुरू होतो. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणिताचे शिक्षक होते आणि इतिहासाच्या वक्त्यालाही "पुरावा काय?" असं विचारल्याशिवाय सोडत नसत. तेव्हा आजचं बोलणं पुराव्याच्या अंगानेच करतो.

सुरुवात मात्र लांबून, जॉर्जियापासून. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली डॉक्टर व्हायला तिबिलिसीला जातात. या सभागृहातही एखाद्या घरची मुलगी तिकडे असेल. तिला विचारलंत तर ती दावीद राजाचं नाव हमखास सांगेल. चौथा दावीद; तिकडचे लोक त्याला 'बांधणारा' म्हणतात. १०८९ मध्ये तो गादीवर आला तेव्हा वय सोळा वर्षांचं होतं. बापाच्या कारकिर्दीत सेल्जुक तुर्कांनी देश उद्ध्वस्त केला होता. शेती ओस, गावं डोंगरात पळालेली, सरदार ज्याचे त्याचे मालक. १०९२ मध्ये सुलतान मलिकशाह वारला आणि सेल्जुकांच्या घरात वारसाची भांडणं लागली. पुढे क्रुसेडवाले पश्चिमेकडून आले आणि तुर्कांचं लक्ष तिकडे गुंतलं. दावीदने ही संधी ओळखली आणि १०९७ च्या सुमारास खंडणी थांबवली. ११०४ मध्ये पूर्वेकडचं काखेती राज्याला जोडलं. १२ ऑगस्ट ११२१ रोजी दिद्गोरीच्या रणात मार्दिनच्या इलगाझीची मोठी फौज मोडली आणि पुढच्या वर्षी तिबिलिसी घेतलं. हे शहर जवळजवळ चारशे वर्षं मुसलमान अमिरांकडे होतं. घेतल्यावर त्याने तिथल्या मुसलमानांना संरक्षण दिलं, त्यांच्या वस्तीत डुकरं मारायला बंदी केली आणि स्वतः मशिदीत जाऊन बसला, असं मुसलमान इतिहासकारांनीच लिहून ठेवलं आहे. ११२५ च्या जानेवारीत तो वारला. त्याने उभारलेल्या गेलाती मठाच्या दरवाज्यात त्याची समाधी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय शिळेवर पडावा, अशा जागी ती मुद्दाम बसवली आहे.

दावीद गेला त्यानंतर दोन वर्षांनी, ११२७ मध्ये, आपल्या ठाण्याजवळच्या वडवली गावाच्या दानाचा एक ताम्रपट लिहिला गेला. शके १०४९. त्यात जवळजवळ तीच कथा आहे. राज्य बुडालेलं, सामंत फुटलेले, तिजोरी रिकामी आणि एका राजाने ते सगळं परत मिळवलेलं. राजाचं नाव अपरादित्य. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला. या नावाचा एक राजा पुढेही झाला, म्हणून याला पहिला अपरादित्य म्हणतात. दावीदचं नाव तिबिलिसीतल्या शाळकरी पोराला पाठ असतं. अपरादित्याचं नाव पनवेल, उरण, ठाण्यात किती जणांना ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही, उगाच संकोच होईल.

शिलाहारांची थोडक्यात ओळख करून देतो. हे घराणं स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाच्या कुळातलं म्हणवून घेई आणि मूळ गाव तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं सांगे. बिरुदं बक्कळ, पण व्यवहारात ते महामंडलेश्वर, म्हणजे कुणा तरी मोठ्या सम्राटाचे मांडलिक. आधी राष्ट्रकूटांचे, मग कल्याणीच्या चालुक्यांचे. त्यांच्या मुलखाला लेखांत 'चौदाशे गावांचं कोकण' म्हटलं आहे. ठाणे म्हणजे श्रीस्थानक, नालासोपारा म्हणजे शूर्पारक, चौल म्हणजे चेमुली ही त्यांची बंदरं. राजधानी पुरी. ती नेमकी कुठली यावर विद्वानांनी शंभर वर्षं शाई खर्ची घातली आहे, आपण त्या वादात पडायला नको. अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं असेल. तिथल्या शके ९८२, म्हणजे १०६० च्या लेखात मुम्मुणी राजाचं नाव आहे. हा मुम्मुणी अपरादित्याच्या आजोबांचा, नागार्जुनाचा, भाऊ.

या घराण्याला दोन दुखणी होती. एक घरातलं, भाऊबंदकी. दुसरं दक्षिणेकडून येणारं, गोव्याचे कदंब. कदंबांचे लेख सांगतात की मुम्मुणीने त्यांच्या राजाला आपली मुलगी दिली. सोयरीक झाली म्हणून शांतता झाली नाही. पुढच्याच पिढीतला जयकेशी कपर्दिकाद्वीपाचा राजा मारल्याची फुशारकी मारतो, आणि कपर्दिकाद्वीप म्हणजे शिलाहारांचा हा आपला मुलूख. अपरादित्याचा बाप अनंतदेव याचा खारेपाटणला सापडलेला ताम्रपट १०९४ चा आहे. त्यात सरळ म्हटलं आहे की भाऊबंदांच्या वैराच्या काळात शत्रूने कोकण नासवलं, देवाब्राह्मणांना छळलं, आणि अनंतदेवाने त्या पाप्यांना तलवारीच्या धारेने समुद्रात बुडवलं. तिकडे दावीद गादीवर येऊन पाच वर्षं झाली होती.

खारेपाटणच्या याच पटात पुढे मजेदार भाग आहे. भाभण आणि धणाम या दोन श्रेष्ठींची गलबतं ठाणे, सोपारा, चौल वगैरे बंदरांत आली की त्यांना जकात माफ, असा तो हुकूम आहे. हे दोघे भाऊ दक्षिणेकडच्या बलिपत्तन बंदराचे. बाप प्रधान, मुलगाही मंत्री, शिवाय घरचा जहाजांचा धंदा. शत्रूला समुद्रात बुडवून झाल्यावर राजाला पहिली आठवण कुणाची झाली बघा. दक्षिणेकडे कदंबांच्या शेजारी असलेलं हे श्रीमंत घराणं आपल्याच बाजूला राहायला हवं होतं, आणि त्याची किंमत जकातमाफीने मोजली गेली. खारघरच्या टोलवर आपण जी भाषा वापरायचो ती आठवली, की माफी मिळालेल्या माणसाची निष्ठा किती पक्की होत असेल याचा अंदाज येतो.

अनंतदेवानंतर मात्र सगळं कोसळलं. कदंबांच्या गादीवर आता दुसरा जयकेशी होता. त्याची बायको मैलळदेवी ही चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची मुलगी. सम्राटाचा जावई म्हटल्यावर त्याला अडवणार कोण? धारवाडजवळच्या नरेंद्र गावच्या लेखात ११२५-२६ च्या सुमारास त्याच्या ताब्यातल्या प्रांतांची यादी आहे. कोकण नऊशे, पलसिगे बारा हजार, आणि त्यात 'कवडीद्वीप सव्वा लाख' हेही. कवडीद्वीप म्हणजे तेच कपर्दिकाद्वीप. म्हणजे शिलाहारांचं राज्य गेलेलं होतं.

आणि मग ११२७ चा वडवलीचा पट. त्यातली हकीकत माझ्या शब्दांत सांगतो. छित्तुक नावाचा असुर जगावर धावून आला. सामंत त्याला जाऊन मिळाले. धर्म बुडाला, वडीलधारी माणसं नागवली गेली, प्रजा देशोधडीला लागली, वैभव ओसरलं. तेव्हा अपरादित्य एकटा, घोड्यावर बसून, आपल्या दोन हातांच्या भरवशावर त्याच्यावर चालून गेला. छित्तुकाला लढायचं सुचेना, पळायचंही सुचेना. शेवटी तो म्लेंच्छांच्या आश्रयाला गेला.

छित्तुक हा कदंबांचा सरदार असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण मला त्या 'एकट्या'वर थांबायचं आहे.

सर असते तर लगेच विचारलं असतं, एकट्याने राज्य परत मिळवता येतं का? नाही येत. प्रशस्ती लिहिणारा कवी दरबारचा पगारी माणूस. राजाला घोड्यावर एकटा बसवायला त्याला काहीच खर्च येत नाही. शिवाय दुसऱ्या बाजूचा कागदही, म्हणजे तांबं, आपल्याकडे आहे. कोल्हापूरचे शिलाहार म्हणजे ठाण्याच्या शिलाहारांचं चुलत घराणं. त्यांच्या ताम्रपटांत विजयादित्याची स्तुती करताना म्हटलं आहे की स्थानकाच्या पदभ्रष्ट राजाला याने पुन्हा गादीवर बसवलं. हा दावा कोणत्या वेळचा, यावर मतभेद आहेत. मला तो याच धामधुमीचा वाटतो. ठाण्याचा पट म्हणतो एकट्याने मिळवलं, कोल्हापूरचा पट म्हणतो आम्ही मिळवून दिलं. दोन्ही पट राजमुद्रेचे, आणि दोन्ही घराणी स्वतःला तगरची म्हणवणारी. कोकणात जमिनीच्या दाव्यात बसलेल्या कुणालाही हे अपरिचित वाटणार नाही.

मग 'एकटा' हा शब्द निव्वळ थाप आहे का? तसंही नाही. तो शब्द राजाबद्दल कमी आणि सामंतांबद्दल जास्त सांगतो. जे यायला हवे होते ते आले नाहीत, एवढंच कवीला म्हणायचं आहे. आता बारकाईने बघा. शत्रूचं नाव घेतलं आहे, छित्तुक. त्याला मिळालेल्या सामंतांची नावं घेतलेली नाहीत. प्रशस्तीत नावं घालायला जागा कमी पडते असं नाही, पूर्वजांच्या कौतुकाला तिथे श्लोकामागून श्लोक आहेत. माझा तर्क असा की ११२७ मध्ये हा मजकूर दरबारात वाचला गेला तेव्हा त्या फितूर सामंतांपैकी बरेचजण समोर बसलेले असणार. राजा परत आला, तेही परत आले. त्यांची नावं तांब्यावर कोरून कायमची नाचक्की करणं परवडणारं नव्हतं.

इथे दावीद आणि अपरादित्य यांच्या वाटा वेगळ्या होतात. दावीदने आपल्या माजलेल्या सरदारांचा कणा मोडला. क्लदेकारीच्या लिपारितला आधी कैद केलं, मग देशाबाहेर हाकललं, आणि ते घराणं संपताच त्याचा मुलूख खालसा केला. सरदारांच्या फौजेवर विसंबायला नको म्हणून त्याने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून किपचाकांची हजारो कुटुंबं आणून वसवली. त्याची बायकोही किपचाक सरदाराची मुलगी होती. ही माणसं राजाशिवाय कुणाची मिंधी नव्हती. चर्चमधले बडे धर्मगुरू सरदारांच्या घरातले असत. त्यांना परिषद बोलावून हटवलं आणि राजाच्या सचिवालयाची सूत्रं आपल्या विश्वासातल्या धर्मगुरूकडे दिली. बांधणारा म्हणतात ते उगाच नाही. पण आधी बरंच पाडलं त्याने.

अपरादित्याला यातलं काहीही करता येण्यासारखं नव्हतं. तो स्वतःच मांडलिक. बाहेरून फौज आणून वसवायला कोकणात सपाट जमीन किती? त्याचं बळ बंदरांच्या जकातीवर. आणि जकात गोळा करणारे, गलबतं चालवणारे, खाडीकाठची खाजणं सांभाळणारे हेच ते सामंत आणि श्रेष्ठी. त्यांचा कणा मोडला असता तर आपलीच तिजोरी फुटली असती. म्हणून त्याने माणसं फिरवून घेतली, असं मला दिसतं. त्याची बखर कुणी लिहिली नाही, त्यामुळे हे दिसतं ते फक्त दानांच्या लेखांत. कुठे कुणाला कोणतं गाव दिलं, कुठल्या शेताची चतुःसीमा काय, दान मोडणाऱ्याला शाप काय. इतिहासाचा विद्यार्थी सुरुवातीला हे भाग भराभर उलटतो आणि लढाई शोधतो. मी मात्र आता लढाईचे श्लोक भराभर वाचतो आणि चतुःसीमेवर थांबतो. एखाद्या गावाची सीमा ओढा, रस्ता, शेजारचं गाव अशी नेमकी सांगता येते, त्यावर अधिकारी हजर असतात, उत्पन्न कुणाला जायचं हे ठरतं, याचा अर्थ त्या गावापर्यंत राजाचा शब्द पोचला आहे.

वेळ साधण्याची अक्कल मात्र दोघांची सारखीच. दावीदसाठी मलिकशाहचं मरण जे ठरलं, तेच अपरादित्यासाठी सहाव्या विक्रमादित्याचं. कल्याणीच्या या सम्राटाने पन्नास वर्षं राज्य केलं आणि ११२६ मध्ये तो वारला. नरेंद्रचा लेख त्याच सुमाराचा आणि वडवलीचा पट पुढच्या वर्षीचा. जावयाच्या पाठीवरचा सासऱ्याचा हात गेल्याबरोबर कोकण हललं, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

परत मिळवलेलं राज्य राखायचं कसं, याचं उत्तर दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीला सापडलं. तिथली लेणी तुमच्यातल्या काहींनी पाहिली असतील. तिथल्या ताम्रपटाचा शक १०६१, म्हणजे ११३९. तो अपरादित्याच्या मुलाचा, विक्रमादित्याचा आहे. बापाने मुलाला दक्षिणेकडे प्रणाल म्हणजे पन्हाळे इथे नेमलं होतं. कदंब ज्या बाजूने येतात त्या तोंडावरच पोटचा मुलगा नेऊन बसवला. मुलाचं नाव विक्रमादित्य ठेवलं, तेही चालुक्य सम्राटाचं. त्यामागचं राजकारण काय असेल ते तुम्हीच ओळखा. आणखी एक. त्याच ११३९ मध्ये दावीदचा मुलगा देमेत्रे याने गंजा शहराचे लोखंडी दरवाजे उचलून आणले आणि गेलाती मठात बापाच्या समाधीशेजारी ठेवले. एक मुलगा शत्रूचे दरवाजे घरी आणतो, दुसरा घराच्या दरवाज्यावर राखण करत बसतो.

आता ज्या गोष्टीसाठी मला अपरादित्य दावीदपेक्षाही थोडा वरचढ वाटतो, त्याकडे वळतो. याज्ञवल्क्यस्मृतीवर 'अपरार्क' नावाची मोठी टीका आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन भागांत छापली. तिच्या प्रकरणांच्या शेवटी कर्ता म्हणून शिलाहार राजा अपरादित्याचंच नाव येतं. ती त्याने स्वतः लिहिली की दरबारच्या पंडितांकडून लिहवून घेतली, हे राजांच्या ग्रंथांबाबत नेहमीचं कोडं. भारतरत्न पां. वा. काणे, स्वतः कोकणातले, यांनी तिचा काळ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला, म्हणजे हाच अपरादित्य. याच स्मृतीवरची 'मिताक्षरा' त्याआधी थोडीच वर्षं कल्याणीला, त्याच सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने लिहिली होती. दायभाग, दत्तक, कर्ज, साक्षीपुरावा, हद्दीचे तंटे या सगळ्याला सम्राटाच्या राजधानीतून एक उत्तर आलेलं असताना ठाण्याच्या मांडलिकाने स्वतःचं वेगळं, आकाराने कितीतरी मोठं उत्तर मांडलं. ज्याला महामंडलेश्वरापुढचं बिरुद घेता येत नव्हतं, त्याने न्यायाच्या कामात कल्याणीची री ओढली नाही.

आणि हा ग्रंथ गेला कुठे? काश्मीरला. काश्मीरचे पंडित धर्मनिर्णयासाठी शतकानुशतकं अपरार्काचा आधार घेत आले. याचा धागा एका काव्यात सापडतो. काश्मीरच्या जयसिंह राजाच्या काळात मंख नावाच्या कवीने श्रीकंठचरित लिहिलं आणि आपला भाऊ अलंकार याच्या घरी भरलेल्या पंडितसभेचं वर्णन शेवटच्या सर्गात केलं. त्या सभेत कनौजच्या राजाचा दूत आहे आणि कोकणच्या अपरादित्याने पाठवलेला तेजकंठ नावाचा पंडितही आहे. तेजकंठ सोपाऱ्याहून निघाला आणि झेलमच्या काठी पोचला. त्याच सभेत राजतरंगिणीकार कल्हण असल्याचं मानतात. पंधरावीस वर्षांपूर्वी ज्याचं राज्य शिल्लक नव्हतं, त्या राजाचा माणूस काश्मीरच्या विद्वानांत मानाने बसतो, हे मला घोड्यावरच्या एकट्या स्वारीपेक्षा मोठं वाटतं.

मग दावीद लक्षात राहिला आणि हा विसरला गेला, असं का? कर्तृत्वात मला फार फरक दिसत नाही. राज्याचा पसारा आणि लढाईचा आकार दावीदचा मोठा, हे कबूल. फरक मागे राहिलेल्यांचा आहे. दावीदच्या हयातीच्या आसपासच एका अनाम लेखकाने त्याचं चरित्र लिहिलं. त्याचं बाग्रातिओनी घराणं पडतझडत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गादीवर होतं, त्याचा मठ चालू राहिला, चर्चने त्याला संत ठरवलं. आपल्याकडे अपरादित्यानंतरचा एक राजा मल्लिकार्जुन गुजरातच्या कुमारपालाच्या फौजेकडून मारला गेला. शेवटचा सोमेश्वर १२६५ च्या सुमारास यादव महादेवाशी लढताना समुद्रात गेला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर कोरलेली गलबतांची लढाई हीच, असं मानतात. शिलाहारांबद्दलचं शेवटचं वाक्य लिहिलं ते यादवांच्या हेमाद्रीने, आणि तेही टोमणा म्हणून: महादेवाच्या क्रोधापेक्षा समुद्रातला वडवानल सोमेश्वराला बरा वाटला म्हणे. हरलेल्याचा इतिहास जिंकणाऱ्याच्या कारकुनाने लिहिला की असं होतं.

जाता जाता गोव्याची एक गोष्ट. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात छळ सोसून मेली. तिच्या अस्थींचा काही भाग मिशनऱ्यांनी जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठात आणला होता. तो उत्खननात सापडला, डीएनए तपासणीने खात्री पटली आणि २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तो तिबिलिसीत जाऊन जॉर्जियाच्या हवाली केला. चारशे वर्षांपूर्वीच्या राणीच्या हाडासाठी त्या देशाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आपल्या हद्दीत काय आहे?

आपल्या हद्दीत, उरण तालुक्यात, चाणजे आहे. तिथे सापडलेला अपरादित्याचा शिलालेख शके १०६०, म्हणजे ११३८ चा. त्यात लढाई नाही, छित्तुक नाही. आई लीलादेवी हिच्या पुण्यासाठी राजाने नागुम गावातलं एक शेत दान दिलं, एवढाच विषय. नागुम म्हणजे आजचं नागाव, ओएनजीसीच्या प्रकल्पाशेजारचं. चाणजेतल्या एका जमिनीचंही दान त्यात आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात या राजाचा हात सगळ्यात स्पष्ट दिसतो तो इथे. अनंतदेवाची राणी लीलादेवी हिने नवऱ्याचं राज्य बुडताना आणि मुलाचं वर येताना, दोन्ही पाहिलं असेल का? राज्य परत मिळवून अकरा वर्षं झाली होती आणि राजा आईच्या नावाने उरणच्या खाडीपलीकडे एका शेताची कागदपत्रं करत होता.

वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे हे सगळे लेख एकत्र केले आहेत आणि मराठीतही त्यांचं पुस्तक आहे. पनवेलच्या वाचनालयात नसेल तर चिटणीसांना मागवायला सांगा, मी त्यांच्याशी बोलतोच. प्रश्नांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत. पहिला प्रश्न राजधानी पुरी कुठली हा असेल, हे मला आत्ताच समोरच्या रांगेतल्या चेहऱ्यांवर दिसतंय, तेव्हा चहा आधी येऊ द्या.